यार्मथ ते ब्लाइथ: समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या मागावर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याने समुद्रातल्या पवनचक्क्या बघत जायचं ठरवलं, तेव्हा नकाशा उघडताच एक गोष्ट लक्षात आली. यातले सगळ्यांत मोठे प्रकल्प किनाऱ्यावरून दिसतच नाहीत. हॉर्नसी वन यॉर्कशरच्या किनाऱ्यापासून १२० किलोमीटर आत आहे, डॉगर बँक १३० किलोमीटरच्या आसपास. वीस वर्षांपूर्वीचे छोटे प्रकल्प मात्र वाळूत बसून मोजता येतात. पवनचक्की जितकी मोठी होत गेली, तितकी ती लोकांच्या नजरेपासून लांब गेली.

म्हणून प्रवास दक्षिणेकडून उत्तरेकडे आखला. जे दिसतं ते डोळ्यांनी बघायचं. जे दिसत नाही त्याचा माग बंदरांतून, कारखान्यांतून आणि केबल जमिनीवर येते त्या गावांतून काढायचा. ताई नॉरिचला राहते. तिची सुट्टी आणि तिचीच गाडी, त्यामुळे सगळं जमून आलं.

सोमवार, ग्रेट यार्मथ

यार्मथचा किनारा लांबलचक आणि वाळूचा. समोर अडीच किलोमीटरवर स्क्रोबी सँड्स नावाचा पाण्याखालचा वाळूचा पट्टा आहे, ओहोटीला त्याचा काही भाग वर येतो. त्यावर ३० पवनचक्क्या उभ्या आहेत. प्रत्येकी २ मेगावॉट, म्हणजे सगळ्या मिळून ६० मेगावॉट. २००४ साली त्या सुरू झाल्या. वाळूवर सील विसावतात आणि त्यांना बघायला बंदरातून होड्या सुटतात. सील आणि पवनचक्क्या एकाच वाळूवर वर्षानुवर्षं नांदताना बघून मला मनापासून बरं वाटलं.

स्क्रोबीने पुढच्या सगळ्यांना धडे दिले. पहिल्याच काळात इथल्या गिअरबॉक्समधली बेअरिंगं मोठ्या संख्येने बदलावी लागली. जमिनीवर उत्तम चालणारं यंत्र समुद्रात नेलं की त्याची दुरुस्ती हवामानाच्या मर्जीवर अवलंबून राहते, हे उद्योगाला अशाच ठिकाणी कळलं.

दुपारी टाइम अँड टाइड या संग्रहालयात गेलो. हेरिंग मासळी धुरावर सुकवण्याचा हा जुना कारखाना, आणि भिंतींना अजून तो वास आहे. १९१३ च्या हंगामात या बंदरातून हजारएक होड्या हेरिंगवर निघत होत्या. पुढे मासळी संपत गेली आणि बंदराचं तेज उतरलं. उत्तर समुद्रात तेल आणि वायू सापडल्यावर नवं काम आलं, आता वाऱ्याचं आलं आहे. किनाऱ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक बंदराची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच निघणार होती.

मंगळवार, शेरिंगहॅम, वेबर्न, वेल्स

शेरिंगहॅम शोल किनाऱ्यापासून १७ ते २३ किलोमीटरवर. ८८ पवनचक्क्या, ३१७ मेगावॉट. २०१२ मध्ये नॉर्वेचे युवराज हाकोन यांनी उद्घाटन केलं, कारण बांधणाऱ्या कंपन्या नॉर्वेच्या. सकाळी धूसर होतं, क्षितिजावर नुसत्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. त्यांच्याही पलीकडे, क्रोमरपासून ३२ किलोमीटरवर, डजन प्रकल्पाच्या ६७ पवनचक्क्या आहेत. त्या काही दिसल्या नाहीत.

गावातल्या 'द मो' या संग्रहालयात जुन्या बचावनौका ठेवल्या आहेत आणि वरच्या दालनात या प्रकल्पाची माहिती मांडली आहे. दोन्ही एकाच छताखाली असणं मला फार योग्य वाटलं. समुद्रावर कामाला जाणाऱ्यांची काळजी गावाने आधीही वाहिली आहे.

तिथून वेबर्नला गेलो. गोट्यांचा किनारा, मागे कडा. शेरिंगहॅम शोल आणि डजन या दोन्ही प्रकल्पांच्या केबल इथेच जमिनीवर येतात. बघायला काहीच नाही, सगळं जमिनीखाली. शेरिंगहॅम शोलची केबल इथून वीसेक किलोमीटर शेतांखालून सॅल गावाजवळच्या सबस्टेशनला जाते, डजनची आणखी लांब नेक्टनला. ताई म्हणाली, "इथल्या लोकांचा राग पवनचक्क्यांवर नाही गं, या खणाखणीवर आहे."

तिचं खरं आहे. प्रत्येक प्रकल्पाने आपली वेगळी केबल, वेगळा चर, वेगळं सबस्टेशन आणलं. समुद्रातच सगळ्यांची वीज एकत्र करून एकाच वाटेने आणता आली असती, पण नियम एकेका प्रकल्पाचा विचार करत होते. नॉरफोक व्हॅनगार्ड या मोठ्या प्रकल्पाची परवानगी फेब्रुवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. एका रहिवाशाने दावा लावला होता: शेजारच्या दुसऱ्या प्रकल्पासह नेक्टनच्या परिसरावर एकत्रित परिणाम काय होईल, हे सरकारने लक्षात घेतलं नाही. वर्षभराने नव्याने विचार होऊन परवानगी पुन्हा मिळाली. मी या प्रकल्पांच्या बाजूची आहे, तरी हा दावा मला रास्त वाटतो. वीज देशाला मिळते, चर मात्र गावातून जातो. गावाला आधी विचारायलाच हवं.

संध्याकाळी वेल्स-नेक्स्ट-द-सी. जुनं बंदर ओहोटीला चिखलात रिकामं होतं, म्हणून पवनचक्क्यांच्या होड्यांसाठी बाहेरच्या बाजूला नवा धक्का बांधला, तिथून भरती-ओहोटी न बघता निघता येतं. धक्क्यावर एक खलाशी दोर गुंडाळत होता. उंचीची भीती वाटते का, असं आम्ही विचारलं. तो म्हणाला, उंचीची सवय होते, खरा क्षण होडीवरून शिडीवर पाय टाकण्याचा. होडी नाकाने खांबाला रेटून धरायची आणि माणसाने लाटेचा ठोका बघून शिडी पकडायची. लाट दीड मीटरच्या वर गेली की काम बंद.

बुधवार, स्केगनेस आणि ग्रिम्सबी

स्केगनेसला चहापुरतं थांबलो. किनाऱ्यापासून पाच किलोमीटरवर लिन आणि इनर डाउझिंगच्या ५४ पवनचक्क्या, त्यांच्या मागे लिंक्सच्या ७५. उन्हात इतक्या स्वच्छ दिसत होत्या की पाती मोजता यावीत. पोरं वाळूत किल्ले करत होती, समोर वीज तयार होत होती आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

ग्रिम्सबीला मात्र वेळ दिला. एके काळी हे जगातलं सगळ्यांत मोठं मासेमारीचं बंदर म्हणवलं जाई. १८५२ चा डॉक टॉवर लांबूनच दिसतो. गोदीचे दरवाजे आणि क्रेन पाण्याच्या दाबावर चालवायला तो बांधला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा बर्फाचा प्रचंड कारखाना पडीक उभा आहे. कॉड मासळीच्या हक्कावरून आइसलँडशी 'कॉड युद्धं' झाली, १९७६ मध्ये ब्रिटनला आइसलँडची २०० सागरी मैलांची हद्द मान्य करावी लागली आणि इथल्या खोल समुद्रातल्या मासेमारीचा कणाच मोडला.

आता रॉयल डॉकमध्ये डॅनिश कंपनी ऑर्स्टेडचं केंद्र आहे. हॉर्नसी वन आणि टू यांची देखभाल इथून होते. हॉर्नसी वनमध्ये ७ मेगावॉटच्या १७४ पवनचक्क्या, एकूण १२१८ मेगावॉट. पसारा ४०७ चौरस किलोमीटरचा. २०२२ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या हॉर्नसी टूमध्ये ८ मेगावॉटच्या १६५. इतक्या आत रोज ये-जा करणं शक्यच नाही, म्हणून तंत्रज्ञ जहाजावरच राहतात. दोन आठवडे समुद्रात, दोन आठवडे घरी. या जहाजाचा पूल लाटेबरोबर स्वतःला सावरत पवनचक्कीला टेकतो आणि माणूस चालत पलीकडे जातो. वेल्सच्या खलाशाने सांगितलेला शिडीचा क्षण इथे तंत्राने सोपा केला आहे.

या बंदरात एका संध्याकाळची आठवण काढायलाच हवी. ९ ऑगस्ट २०१९ ला एका वीजवाहिनीवर वीज कोसळली. ग्रिडमध्ये असे धक्के नेहमी बसतात, पण त्याच वेळी लिटल बारफोर्डचं वायूवरचं वीजकेंद्र बंद पडलं आणि हॉर्नसी वनमधून येणारी वीज अचानक ७३७ मेगावॉटने घसरली. दहा लाखांहून जास्त ग्राहकांचे दिवे गेले, लंडनभोवतीच्या गाड्या तासन् तास अडकल्या. हॉर्नसीच्या नियंत्रण प्रणालीने व्होल्टेजमधला किरकोळ चढउतार नीट हाताळला नव्हता. तिचं सॉफ्टवेअर पुढे बदललं, आणि दोन्ही केंद्रांच्या कंपन्यांनी प्रत्येकी ४५ लाख पौंड भरले. पवनऊर्जेवर प्रेम असणाऱ्यांनी हा प्रसंग झाकू नये असं मला वाटतं. जुन्या वीजकेंद्रांची जड फिरती यंत्रं ग्रिडला धक्क्यात आपोआप सावरत असत. समुद्रातून केबलने येणाऱ्या विजेला हे काम मुद्दाम शिकवावं लागतं.

गुरुवार, हल

हंबर नदीवरचा झुलता पूल ओलांडून हलला आलो. १९८१ मध्ये खुला झालेला, १४१० मीटरचा मुख्य गाळा. त्या काळी जगात सगळ्यांत लांब.

हलमध्ये मला खास बघायचं होतं ते अलेक्झांड्रा डॉक. इथे सीमेन्स गमेसाचा पात्यांचा कारखाना २०१६ पासून चालू आहे. रस्त्यावरून कुंपणापलीकडे ठेवलेली पाती दिसतात आणि नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवावी लागते. सुरुवातीला ७५ मीटरची पाती होत, हॉर्नसी टूसाठी ८१ मीटरची झाली, आता १०८ मीटरची करतात. काचतंतूंचे थर आणि बाल्सा लाकूड हातांनी साच्यात मांडायचे, मग निर्वात करून राळ आत ओढून घ्यायची. सगळं पातं एकसंध, सांधा नाही. एवढ्या मोठ्या वस्तूत अजून माणसाच्या बोटांचं काम इतकं आहे, हे मला माहीत नव्हतं.

२०१७ मध्ये हल 'सिटी ऑफ कल्चर' होतं. त्या जानेवारीत एका रात्रीत शहराच्या मधोमध, क्वीन व्हिक्टोरिया चौकात, या कारखान्यातलं ७५ मीटरचं पातं आडवं येऊन बसलं. एक टोक जमिनीवर, दुसरं इतकं वर की खालून दुमजली बस जावी. 'ब्लेड' नावाची ही कलाकृती नयन कुलकर्णी या ब्रिटिश कलाकाराची. आडनाव वाचून आम्हा दोघी बहिणींना झालेला आनंद लपवण्यात अर्थ नाही. पण त्याहून मोठी वाटली ती त्याची कल्पना. शहराबाहेर बनून थेट समुद्रात जाणारी वस्तू त्याने दहा आठवडे लोकांच्या वाटेत आणून ठेवली, हात लावता येईल इतकी जवळ. पवनचक्क्या नजरेआड जात असताना हे कुणीतरी करायलाच हवं होतं. चौकात आता ते पातं नाही. आम्ही उभ्या राहून त्याची लांबी पावलांनी मोजली, तर चौकाचे जवळजवळ दोन तुकडे झाले.

संध्याकाळी हेसल रोडला गेलो, ही जुन्या मच्छीमारांची वस्ती. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिन्याभराच्या आत हलचे तीन ट्रॉलर बुडाले, ५८ माणसं गेली. लिलियन बिलोका आणि तिच्या सोबतच्या बायका डोक्याला रुमाल बांधून रस्त्यावर उतरल्या. प्रत्येक ट्रॉलरवर पूर्णवेळ रेडिओ ऑपरेटर हवा, सुरक्षेचं सामान हवं, यासाठी त्यांनी दहा हजार सह्या गोळा केल्या आणि मंत्र्यांकडून मागण्या मान्य करून घेतल्या. आज पवनचक्कीवर जाणारा प्रत्येक जण समुद्रात तग धरण्याचं प्रशिक्षण घेतो, जलरोधक पोशाख घालतो, कोण कुठल्या खांबावर आहे याची क्षणाक्षणाची नोंद ठेवली जाते. समुद्रावरच्या कामाची सुरक्षा कुणी आपणहून दिलेली नाही, ती या बायकांसारख्यांनी मागून घेतली आहे.

शुक्रवार, होल्डरनेस आणि बेम्प्टन

होल्डरनेसचा किनारा मातीचा. सरासरी दरवर्षी दीड-दोन मीटर जमीन समुद्रात जाते. युरोपात इतक्या वेगाने झिजणारे किनारे फार थोडे. रस्ते कड्यावर येऊन अचानक संपतात. विदर्नसीहून आठ किलोमीटरवर वेस्टरमोस्ट रफच्या ३५ पवनचक्क्या दिसल्या.

उलरोम हे लहानसं गाव याच किनाऱ्यावर आहे. डॉगर बँकच्या पहिल्या दोन टप्प्यांची वीज इथे जमिनीवर येते. केबल कड्याच्या खालून आडवं भोक पाडून आणली आहे. इथे एक तांत्रिक मुद्दा सांगते, कारण त्याशिवाय इतक्या लांबचा प्रकल्प शक्य कसा झाला ते कळत नाही. समुद्राखालच्या लांब केबलमध्ये एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज पाठवली, तर बरीचशी क्षमता केबलला सतत भारित-अभारित करण्यातच खर्च होते. हॉर्नसी वनने वाटेत समुद्रातच एक भरपाई केंद्र उभारून एसीवर निभावलं. डॉगर बँकने समुद्रात विजेचं डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, रूपांतर करून ती आणली, ब्रिटनच्या पवनप्रकल्पांत पहिल्यांदाच. बेव्हर्ली परिसरात तिचं पुन्हा एसी होतं.

डॉगर बँक म्हणजे बुडालेल्या भूमीचा उंचवटा. समुद्र वर येण्याआधी, साधारण आठ हजार वर्षांपूर्वीपर्यंत, इथे माणसं राहत होती. १९३१ मध्ये कोलिंडा नावाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात नॉरफोकच्या किनाऱ्यापलीकडे एक ढेकूळ आलं, फोडलं तर आत सांबरशिंगाचं काटेरी भाल्याचं टोक. पवनचक्क्यांसाठी झालेल्या समुद्रतळाच्या सर्वेक्षणांमुळे त्या भूमीच्या नद्या आणि टेकड्या आज अभ्यासकांना अधिक नीट दिसू लागल्या आहेत.

दुपारनंतर बेम्प्टनचे खडूचे कडे. पक्ष्यांचा आवाज आणि वास एकदमच अंगावर येतो. हंगामात इथे आणि जवळच्या कड्यांवर लाखो समुद्रपक्षी असतात: गॅनेट, पफिन, आणि किटिवेक हा लहान, सुबक कुरव. किटिवेक अन्नासाठी दूर जातात आणि त्यांच्या वाटेत पाती फिरत असतात. हॉर्नसी थ्रीला परवानगी देताना भरपाईची अट घातली गेली, म्हणून सफोकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात किटिवेकांसाठी कृत्रिम घरटी उभारली. थेम्सच्या मुखाशी लंडन ॲरेचा दुसरा टप्पा २०१४ मध्ये सोडून दिला गेला, त्यामागे लाल गळ्याच्या पाणबुड्या पक्ष्यांचं मोठं कारण होतं. समुद्र तापला तर किटिवेकांचं खाद्यच हटतं, हे मलाही पटतं. पण म्हणून कुठेही खांब ठोकावेत असं होत नाही. कड्यावर तासभर बसल्यावर तर अजिबातच नाही.

शनिवार, रेडकार आणि हार्टलपूल

रेडकारला दीड किलोमीटरवर २७ पवनचक्क्यांची रांग आहे, २०१३ ची. उत्तरेला जिथे पोलादाचा कारखाना होता तिथे आता मोकळी जमीन. २०१५ मध्ये तो बंद पडला, २०२२ मध्ये भट्टी पाडली. टीस नदीकाठच्या पोलादातून सिडनीचा बंदरपूल उभा राहिला होता. त्याच काठावर आता सीआह या कोरियन कंपनीचा मोनोपाइलचा कारखाना आला आहे. मोनोपाइल म्हणजे समुद्रतळात ठोकायचा पोलादी नळा, पवनचक्कीचा पाया.

हार्टलपूलच्या सीटन बंदरात डॉगर बँकचे भाग एकत्र आणून जहाजावर चढवतात. तिन्ही टप्पे मिळून २७७ पवनचक्क्या, ३.६ गिगावॉट. यंत्र १३-१४ मेगावॉटचं, पातं १०७ मीटरचं. पहिली वीज ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. पण ही पाती फ्रान्समध्ये शेरबुर्गला बनतात आणि वरचा यंत्रकक्ष सँ-नाझेरला. काम गेलेल्या पोलाद-कामगारांच्या गावात परदेशातून पाती उतरताना बघून वाईट वाटतं. हलमध्ये जे झालं ते इथेही होणं अशक्य नव्हतं.

रविवार, ब्लाइथ

सकाळी सी फ्रेट, म्हणजे समुद्रावरून येणारं दाट धुकं. दहा वाजता उचललं गेलं.

डिसेंबर २००० मध्ये ब्रिटनच्या समुद्रातल्या पहिल्या दोन पवनचक्क्या इथे लागल्या, किनाऱ्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर, प्रत्येकी २ मेगावॉट. लगेच २००१ मध्ये बंदराशेजारचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९६१ च्या सुमारास, ब्लाइथ हे युरोपातलं कोळसा पाठवणारं सगळ्यांत मोठं बंदर होतं. त्या दोन पवनचक्क्या २०१९ मध्ये उतरवल्या. आता आणखी आत पाच मोठ्या उभ्या आहेत, ८.३ मेगावॉटच्या. त्यांचे काँक्रीटचे पाये टाइन नदीवरच्या सुक्या गोदीत बांधून, तरंगत आणून जागेवर बुडवले. गावातल्या चाचणी केंद्रात पाती एका टोकाला आवळून महिनोन् महिने वाकवतात, म्हणजे आयुष्यभराचा थकवा आधीच कळतो. डॉगर बँकसाठीच्या १०७ मीटरच्या पात्याचीही इथे परीक्षा झाली.

परतीच्या वाटेवर ताईने तिचा रोखठोक प्रश्न काढला. "एवढा वारा, एवढी वीज, मग माझं बिल का उतरत नाही?"

उत्तर दोन भागांत आहे. सरकार या प्रकल्पांना हमीभाव देतं. बाजारभाव त्याखाली गेला तर कंपनीला फरक मिळतो, वर गेला तर कंपनी फरक परत करते. २०१२ च्या दराने हॉर्नसी वनला युनिटमागे १४ पेन्स, डॉगर बँकला साधारण ४ पेन्स. म्हणजे नवी वीज खरोखर स्वस्त झाली. नंतर पोलाद आणि व्याज महागलं, सरकारने हमीभावाच्या लिलावातली कमाल मर्यादा त्या मानाने वाढवली नाही आणि २०२३ मध्ये समुद्रातल्या पवनप्रकल्पांची एकही बोली आली नाही. दुसरा भाग असा, की ब्रिटनच्या घाऊक बाजारात विजेचा भाव बहुतेक वेळा सगळ्यांत महाग लागणारं केंद्र ठरवतं, आणि ते केंद्र वायूवर चालतं. २०२४ मध्ये देशाची तीसेक टक्के वीज वाऱ्याची होती. त्याच सप्टेंबरच्या ३० तारखेला शेवटचं कोळशाचं केंद्र बंद झालं. वायू मात्र अजून भाव ठरवतो.

"म्हणजे वारा पडला की पुन्हा वायूच," ताई म्हणाली.

नुसता वायू नाही. ब्लाइथच्या शेजारीच, कँबॉइसच्या किनाऱ्यावर, नॉर्वेहून ७२० किलोमीटरची केबल येते, २०२१ पासून. इथे वारा जोरात असला की वीज तिकडे जाते आणि नॉर्वेची धरणं पाणी राखून ठेवतात. वारा पडला की तीच वीज पाण्यातून परत येते, १.४ गिगावॉटपर्यंत. ताईने पुढच्या फाट्यावर गाडी वळवली आणि ती केबल जिथे वर येते तो किनारा आम्ही बघून घेतला.